वाचकांच्या पत्रांतून घडलेला इतिहास

१/ मार्च १९६१. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जेरी बेल्स नावाचे प्राध्यापक सुपरहिरो कॉमिक्सविषयीची मते व माहिती टंकून, प्रती काढून समानधर्मी वाचकांना टपालाने धाडतात. अंकाचे नाव ‘ऑल्टर ईगो’.

२/ त्याच सुमारास ‘डीसी’चे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापू लागले. बाब किरकोळ, परिणाम मोठा. संपादकाला लिहिणारे वाचक आता एकमेकांना लिहू लागले.

३/ कोणता अंक सरस, हा वाद ‘हे चित्र कोणाचे?’ या प्रश्नापाशी येई. उत्तर सहज मिळत नसे. १९४० च्या दशकातील असंख्य कथांवर लेखक-चित्रकारांची नावेच छापलेली नव्हती.

४/ बेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने ती नावे गोळा केली. १९७३ पासून ‘हूज हू ऑफ अमेरिकन कॉमिक बुक्स’चे खंड निघाले.

५/ १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने बालगुन्हेगारीच्या संदर्भात कॉमिक्सची चौकशी केली होती. अशा बदनाम साहित्याची पहिली बखर त्याच्या वाचकांनी लिहिली. आवडीने वाचणाऱ्यांनी विचारले नसते, तर कित्येक चित्रकार निनावीच राहिले असते.