आईचा केसपेपर

अलिबागची एस.टी. रेवदंडा-साळाव पुलावर आली की आई खिडकीतून खाडीतल्या होड्या न्याहाळीत असे. मार्च २०१४ मधल्या त्या सकाळी मात्र तिने डोळे मिटून समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तोल राहत नव्हता. ऐकू तर जवळजवळ येतच नव्हते.

वीस महिन्यांपूर्वी तिला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जेंटामायसिनची इंजेक्शने सुरू केली. ताप उतरला, तरी ती अठरा दिवस चालली. दहाव्याच दिवशी आई म्हणाली होती, कानांत रातकिडे ओरडतात. आम्ही ते अशक्तपणावर घातले. हे औषध कानाच्या आतल्या पेशी मारते आणि त्या पुन्हा येत नाहीत. मूत्रपिंडे मंद असतील तर ते अंगात साचते, म्हणून वयस्कांचे रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते, हे आम्हांला पुढे मुंबईत कळले.

घरी आम्ही कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली बोलतो. ती बोलणारी माणसे मुळात थोडी. आता आईशी पाटीवर लिहून बोलावे लागे, आणि बोली लिहिण्याची सवय आम्हां कोणालाच नाही. म्हणून मराठीत लिहायचे. स्वतःच्या आईशी असे पाहुण्यासारखे बोलताना मला कसेसेच होई.

दाव्याला तिचाच विरोध होता. "तुझे वडील गेले त्या रात्री हेच डॉक्टर भर पावसात आले होते. त्यांना कोर्टात उभे करणार?" याचे पुरे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते, आजही नाही.

अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही, हे तिथे समजले. वकीलबाईंनी सारे ऐकून विचारले, "केसपेपर कुठे आहे?" आमच्यापाशी ना पावती, ना चिठ्ठी.

मी जे. जे. रुग्णालयाचा विषय काढला. १९८६ साली तिथे ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले, १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध पुरवणाऱ्यांपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. वकीलबाई म्हणाल्या, "तिथे औषधच खोटे होते. तुमचे औषध खरे होते; देखरेख नव्हती. म्हणून दाद कंपनीकडे नाही, डॉक्टरांविरुद्ध मागायची, आणि तीही ग्राहक मंचात, दोन वर्षांच्या आत." वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा. (त्या मंचाला २०२० पासून आयोग म्हणतात, दोन वर्षांची मुदत तीच आहे.)

रुग्णाने मागितल्यास कागद बहात्तर तासांत द्यावे लागतात. मी अर्ज घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन केसपेपर दिला. "खाडाखोड केलेली नाही," एवढेच म्हणाले. त्यांच्याच अक्षरात अठरा इंजेक्शनांची नोंद होती. रक्ततपासणीची एकही नव्हती. आमचा सारा दावा त्या एका कागदावर उभा राहिला, आणि तो त्यांनीच आणून दिलेला.

जूनमध्ये तक्रार दाखल झाली, पुढल्या वर्षी तडजोड. श्रवणयंत्राचा आणि उपचारांचा खर्च डॉक्टरांनी दिला. आईने सही केली आणि मंचाबाहेर, कमी ऐकू येणाऱ्यांच्या चढ्या आवाजात, त्यांना विचारले, "आता रक्तदाबाच्या गोळ्या कोणाकडून घेऊ?" व्हरांड्यातली माणसे वळून पाहू लागली. डॉक्टरांनी खिशातला कागद काढून ठळक अक्षरांत लिहिले, 'माझ्याकडेच या. आधी रक्त तपासू.'

मी तिला दुसरीकडे नेतो. त्याबद्दल ती अजून माझ्यावर रागावलेली आहे.