घरांतली कानडी

तुकोबांच्या गाथेंत एक गमतीचा अभंग आहे. कानडी बोलणार्‍या एका बाईनें मराठी नवरा केला; तिचें बोलणें त्याला उमजेना आणि त्याचें तिला. ती त्याला जवळ बोलावते आणि तो भलताच अर्थ घेऊन दूर पळतो. तुकोबांना त्यांतून सांगावयाचें आहे तें संगतीविषयीं. परंतु आमच्यासारख्या प्रापंचिक वाचकाचें मन दृष्टान्तापाशींच घोटाळतें. सतराव्या शतकांत देहूसारख्या गांवीं राहणार्‍या संताला हा दृष्टान्त घालावासा वाटला, त्या अर्थीं अशीं जोडपीं श्रोत्यांच्या पाहण्यांत असलीं पाहिजेत. आमच्या घरांत तर असें एक जोडपें जवळजवळ साठ वर्षें नांदलें.

माझ्या काकू धारवाडच्या. १९६२ सालीं लग्न होऊन त्या सातार्‍यास आमच्या एकत्र कुटुंबांत आल्या. धारवाड त्यापूर्वीं सहाच वर्षें आधीं, म्हणजे १९५६ सालीं राज्यपुनर्रचना होईपर्यंत, मुंबई राज्यांत होतें. त्यामुळें काकूंनीं मराठी ऐकली होती पुष्कळ आणि वाचलीही होती. बोलल्या मात्र होत्या अगदीं थोडी. पहिल्या दोन-चार वर्षांतल्या त्यांच्या मराठीच्या गोष्टी आमच्या घरांत अजून सांगतात. त्यांची खरी पंचाईत लिंगांची होई. कानडींत पुरुष तो पुल्लिंगी, बाई ती स्त्रीलिंगी, आणि बाकीचें सगळें नपुंसकलिंगी. मराठींत मात्र भिंत ती, दरवाजा तो आणि घर तें! एकदां त्या 'तो भिंत' म्हणाल्या म्हणून आजी हंसली, तेव्हां नव्या सुनेनें खालच्या मानेनें विचारलें, "भिंतीला मिशा नाहींत आणि बांगड्याही नाहींत, मग मीं ओळखावें कसें?" आजीजवळ उत्तर नव्हतें. व्याकरणकारांजवळही तें असेल असें मला वाटत नाहीं.

दुसरी अडचण याहून नाजूक. मराठींत 'आपण' आणि 'आम्ही' हीं दोन निरनिराळीं सर्वनामें आहेत. 'आपण जेवूं' म्हटलें कीं ऐकणारा पंक्तींत आला. 'आम्ही जेवतों' म्हटलें कीं तो बाहेर राहिला. हा भेद संस्कृतांत नाहीं. तामीळ आणि तेलुगू ह्या द्राविडी भाषांत तो आहे, आणि त्यांच्या शेजारानेंच तो आपल्याकडे आला असें भाषापंडित मानतात. पण मौज अशी कीं खुद्द आजच्या कानडींत तो उरलेला नाहीं. तेथें सगळ्यांना मिळून एकच 'नावु'. त्यामुळें काकू बिचार्‍या सासूला म्हणत, "आम्ही देवळांत जाऊं या." सासूला वाटे, ही मला वगळून माहेरच्यांबरोबर निघाली कीं काय! हा 'आम्ही' घरांत कांहीं दिवस सलत होता, असें माझी आई सांगे. पुढें केव्हां तरी काकू 'आपण' म्हणूं लागल्या. नक्की केव्हां, तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

काकूंची कानडी घरांतून गेली नाहीं; ती कोपर्‍याकोपर्‍यांत जाऊन बसली. तांदूळ मापतांना मापटें 'ओंदु, एरडु, मूरु' असेंच रितें होई. ताटांत पुरेसें पडलें कीं 'साकु'. आम्हां मुलांना तर कित्येक वर्षें 'साकु' हा मराठीच शब्द वाटे, आणि शाळेंत तो वापरून आम्ही मुलांना बुचकळ्यांत टाकीत असूं. सणावारीं 'हुग्गी' होई, उरल्यासुरल्याचा 'गोज्जु' होई. धारवाडहून त्यांचे बंधु आले म्हणजे माजघरांत कानडीचा असा ओघ सुरू होई कीं एरवीं मितभाषी असणार्‍या काकू ह्याच का, असा प्रश्न पडावा. बंधु निघतांना 'बर्तीनि' म्हणत, म्हणजे 'येतों'. निघतांना 'जातों' न म्हणण्याचा आपला रिवाज त्या बाजूलाही तसाच आहे.

आणि खरें पाहतां, काकू आल्या तेव्हां आमच्या स्वयंपाकघरांत कानडी शब्द मुळींच नव्हते असें कोठें होतें? ज्या तुपाची धार आम्ही वरणावर धरतों तें कानडींत 'तुप्प' आहे. 'अडिके' म्हणजे सुपारी, हें कळल्यावर पानाच्या डब्यांतला अडकित्ता कोणाचा तें विचारावें लागत नाहीं. न्हाणीघरांतली शिकेकाई ही 'सीगेकायि'. घरांतल्या वडीलधार्‍यांना आम्ही अण्णा, अप्पा, अक्का म्हणतों, तीं नांवेंही त्याच कुळांतलीं. ह्या विषयांत कांहीं विद्वान् इतके रंगून जातात कीं मराठीची एकूण एक भांडीं ते कानडी घरांत नेऊन ठेवतात. तेवढ्या टोकाला जाण्याचें मला कारण दिसत नाहीं. पण साधारण इ. स. ८५० च्या सुमाराच्या 'कविराजमार्ग' ह्या कानडी ग्रंथानें आपल्या भाषेचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, आणि उलट बाजूनें श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराच्या पायाशीं कानडी व तामीळ अक्षरांच्या जोडीला मराठी अक्षरें कोरलेलीं आहेत. कोण कोणाच्या घरीं पाहुणा आला, तें ठरविणें अवघडच. ज्ञानेश्वरांनीं पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटलें, आणि पुरंदरदासांनीं आपल्या कानडी पदांवर 'पुरंदरविठ्ठल' अशी मुद्रा उमटविली. गदगला जन्मून पुण्यास राहिलेल्या भीमसेन जोशांनीं मराठी अभंग आणि कानडी दासपदें एकाच गळ्यानें गाइलीं. तीं दासपदें लागलीं कीं काकू हातांतलें काम थांबवीत नसत, परंतु त्या कामाचा वेग मंद होई.

काकांना जाऊन आतां चार वर्षें झालीं. त्यानंतर दोन वर्षांनीं काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलूं लागला, वाचाही परतली. पण परतली ती कानडी. साठ वर्षें ज्या भाषेंत त्यांनीं आम्हांला जेवूं घातलें, रागें भरलें, अभ्यासाला बसविलें, ती मराठी जणूं कोणी पुसून टाकली. आम्ही बोलतों तें त्यांना बरेंचसें कळे, पण ओठांवर मराठी शब्द येईना. डॉक्टरांनीं सांगितलें, दोन भाषा बोलणार्‍यांच्या बाबतींत असें घडतें. फ्रान्समधील रिबो ह्या मानसशास्त्रज्ञानें १८८१ सालींच मांडलें होतें कीं स्मृतींत जें आधीं रुजलें तें शेवटपर्यंत तगतें. पुढें १८९५ सालीं त्याच्याच देशांतल्या पित्र ह्या वैद्यानें उलट सांगितलें, कीं जी भाषा अधिक सरावाची ती आधीं परतते. दोघांनाही धरून आणि दोघांनाही सोडून जाणारीं उदाहरणें पुढें सांपडलीं. आमच्या काकू रिबोच्या बाजूला गेल्या एवढेंच.

तुकोबांचा दृष्टान्त आतां आमच्या माजघरांत रोज घडूं लागला. पेजेची वाटी पुढें केली कीं काकू म्हणत, "ब्याड." माझा पुतण्या इंग्रजी शाळेंतला, त्यानें निदान केलें कीं आजी इंग्रजींत 'बॅड' म्हणते, म्हणजे पेज बिघडली आहे. सूनबाईंनीं बिचारीनें पुन्हां पेज केली, मीठ कमी केलें, तूप वाढविलें. पुन्हां "ब्याड." तिसर्‍यांदा मात्र काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलें. धारवाडकडे 'ब्याड' म्हणजे नुसतें 'नको'. आमच्यांपैकीं कोणाला तें त्या दिवशीं ठाऊक नव्हतें. ज्या घरांतल्या प्रत्येकाचें 'हवें-नको' त्यांनीं पाहिलें, त्या घरांत त्यांचा स्वतःचा 'नको' कोणाला कळेना.

मी तेव्हां नुकताच निवृत्त झालों होतों. कानडीची एक अंकलिपि आणली. पुस्तकाला तिकडेही अंकलिपिच म्हणतात, हें पाहून धीर आला. वर्णमालेचा क्रम आपलाच; वळणें मात्र वाटोळीं. नवें असें फार नाहीं, पण ए आणि ओ यांचे र्‍हस्व-दीर्घ असे दोन दोन उच्चार आहेत आणि तेथें मराठी जीभ अडखळते. र्‍हस्व उच्चाराची 'केरे' म्हणजे तळें, दीर्घ उच्चाराची 'केरे' म्हणजे धामण. तेव्हां तळें पाहावयास निघालेला मराठी पाहुणा धामणीचा पत्ता विचारून बसावयाचा! जुन्या कानडींतला शब्दारंभींचा 'प' पुढें 'ह' झाला, आणि दुधाचा 'पाल्' होता त्याचा 'हालु' बनला, हें वाचलें तेव्हां काकूंच्या 'हालु'ला हजार वर्षांमागचें एक वडील भेटल्यासारखें वाटलें. पण पुस्तकांतली कानडी आणि काकूंची कानडी यांत सातारा-धारवाडाएवढें अंतर. पुस्तकांत 'बेड' आहे, काकू 'ब्याड' म्हणतात. पुस्तकांत 'आयितु' आहे, त्या 'आतु' म्हणतात. तेव्हां घरांत ठरलें, कीं काकूंच्या धाकट्या बहिणीला, धारवाडच्या मावशींना, महिनाभर इकडे घेऊन यावें. त्यांचें वय शहात्तर. प्रवासाला त्या तयार होतील कीं नाहीं, शंकाच होती. फोनवर हो-नाहींचा निकाल लागेना, म्हणून मीच निघालों.

मिरज सोडलें कीं थोड्याच वेळांत स्टेशनांच्या पाट्यांवर कानडी अक्षरें दिसूं लागतात. शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा. कुडचीजवळ कृष्णा ओलांडतांना मनांत आलें, हीच नदी आमच्या सातार्‍याजवळच्या माहुलीवरून आली आहे, आणि तिला भाषा बदलावी लागली नाहीं. डब्यांतल्या माणसांनाही ती बदलावी लागत नव्हती. एकच गृहस्थ शेजार्‍याशीं कानडींत, चहावाल्याशीं मराठींत आणि तपासनिसाशीं हिंदींत बोलत होते, आणि मध्येंच एखादें वाक्य एका भाषेंत उचलून दुसरींत खालीं ठेवीत होते. सीमेच्या वादावर बोलणारीं माणसेंही त्या डब्यांत असतील. त्या वादांत शिरण्याची ही जागा नव्हे. बेळगांव गेलें, लोंढ्याचें रान गेलें, आणि धारवाड आलें.

ह्या गांवाचें मला फार दिवसांचें आकर्षण. येथेंच १८९० सालीं कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, आणि तो निघण्याचें एक कारण असें कीं त्या वेळीं ह्या भागांत मराठीचा वरचष्मा होता व कानडीला आपल्याच घरांत आसन मिळत नव्हतें. आपण मराठी माणसांनीं ही गोष्ट शांतपणें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पण त्याच गांवानें द. रा. बेंद्रे दिले. घरीं मराठी बोलणारा हा माणूस कानडीचा महाकवि झाला, सोलापूरच्या कॉलेजांत शिकवून आला आणि १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरला. उलट जी. ए. कुलकर्णी ह्याच धारवाडांत इंग्रजी शिकवीत राहिले आणि त्यांनीं कथा लिहिल्या त्या मराठींत. एक मराठी घरांतून कानडींत गेला, दुसरा कानडी गांवांत राहून मराठींत लिहीत बसला; साधनकेरीच्या रस्त्यानें जातांना दोघांचीही आठवण होते.

मावशींच्या दारीं "बर्रि, कूड्रि" असें स्वागत झालें. 'या, बसा' ह्या दोन शब्दांत तें 'रि' किती मऊ पडतें! काकूंची हकीकत मीं मोडक्या कानडींत सांगावयास सुरुवात केली, मावशींनीं ती पुरी ऐकून घेतली आणि नंतर स्वच्छ मराठींत विचारलें, "अक्का माझें नांव घेते का?" घेत होत्या. तें नांव आम्हांला एखादा कानडी शब्द वाटला होता. मावशी उठल्या आणि त्यांनीं पेटी भरावयास घेतली.

सातार्‍यास पोंचल्यावर त्या सरळ काकूंच्या खाटेपाशीं गेल्या आणि रोज भेटत असल्यासारख्या म्हणाल्या, "अक्का, ऊट आतेन?" जेवण झालें का? काकूंनीं त्यांच्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "इन्नू इल्ल." अजून नाहीं. पुढचा महिनाभर त्या खोलींतला आवाज थांबला नाहीं. काय बोलत त्यांतलें मला चौथाई कळे. परसांतल्या मोगर्‍याविषयीं, कोणा मास्तरांविषयीं, आईनें केलेल्या कसल्या तरी कडबूविषयीं. आमच्या सूनबाई दाराशीं भाजी निवडीत बसत आणि दिवसाकांठीं पांच-सहा शब्द उचलीत. त्यांची वही आतां माझ्या वहीपेक्षां मोठी आहे. मराठीचेही एक-दोन शब्द काकूंच्या तोंडीं परतले. पहिला परतला तो 'बाळ'.

मावशी परत गेल्याला आतां आठ महिने झाले. संध्याकाळचा एक तास माझ्याकडे आला आहे. काल मी गेलों तेव्हां काकूंनीं आपण होऊन विचारलें, "ऊट आतेन?" मला अजून जेवावयाचें होतें, पण शिष्टाचार म्हणून मी ठसक्यांत म्हणालों, "आत्रि." त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें, स्वयंपाकघराकडे पाहिलें, जेथें कुकरची पहिली शिटीही झाली नव्हती, आणि म्हणाल्या, "सुळ्ळु." मीं वहींत पाहिलें, शब्द नव्हता. सूनबाईंनीं आंतूनच सांगितलें, "खोटें बोलतां, म्हणताहेत."