पाठीमागचा डोळा

मनुष्याचे दोन्ही डोळे पुढच्या बाजूस आहेत. तो पायांनी चालत होता तोवर याची त्याला कधी अडचण भासली नाही. मागे जावयाचे झाले तर तो सरळ वळतो आणि मागचेच पुढे करून चालू लागतो. बैलगाडीवाल्याचेही फारसे अडले नाही. बैल मागे सरावयास सहसा राजी नसतात. म्हणून गाडी बोळात अडकली की तो बैल सोडतो आणि दोघा-चौघांच्या हातांनी गाडी फिरवून घेतो. मोटारीची गोष्ट मात्र निराळी. तिला मागे जावे लागते, आणि तेही चालकाचे तोंड पुढे असताना.

मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांपासून जवळच एका अरुंद बोळात एक आजोबा राहतात. चौतीस वर्षे त्यांनी एस. टी.ची गाडी चालविली. घाटातील वळणे, पावसाळ्यातील निसरडे रस्ते, जत्रेची गर्दी, सारे त्यांच्या हाताखालून गेले; परंतु एकाही माणसाला त्यांच्या गाडीचा ओरखडा लागला नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी बोलून दाखविला नाही, तरी घरातील सर्वांना ठाऊक होता. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी एक लहानशी मोटार घेतली. आज ती बारा वर्षांची झाली आहे. पुढे मुलाने तिच्यात पडद्याचा स्टिरिओ बसवून दिला. आजोबा त्यावर नाट्यगीते ऐकत. पडदा मात्र रिकामाच असे. त्यावर गाण्याचे नाव उमटे, एवढेच.

एका सकाळी आजोबांनी दवाखान्यात जाण्यासाठी गाडी सुरू केली. बोळ असा की गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. त्यांनी आतला आरसा पाहिला, दोन्ही बाजूंचे आरसे पाहिले, पुन्हा एकदा मान वळवून मागच्या काचेतून पाहिले. बोळ मोकळा होता. त्यांनी गीअर टाकला आणि चाक जेमतेम अर्धा फेरा फिरले, तोच भाजीवाली जिवाच्या आकांताने ओरडली, “थांबा, थांबा!”

आजोबांनी ब्रेक दाबला. खाली उतरून पाहतात तो शेजारच्यांचे दोन वर्षांचे मूल गाडीच्या अगदी मागे उकिडवे बसून एका डब्यात माती भरीत होते. त्याला गाडीचीही जाणीव नव्हती आणि ओरडण्याचीही. आजोबांकडे पाहून ते हसले आणि त्याने मातीचा डबा पुढे केला.

आजोबांनी गाडी बंद केली, घरात येऊन किल्ली आजींच्या हाती दिली आणि एवढेच म्हणाले, “ही ठेव.” त्या दिवसापासून दोन महिने गाडी कापडाखाली झाकलेली उभी होती. कोणी कारण विचारले तर ते म्हणत, “वय झाले.” पण त्यांच्या मनात खुपत होते ते वय नव्हे. सर्व नियम पाळून, चारही बाजूंना पाहून, आपल्याला मूल दिसले नाही; मग इतकी वर्षे आपण पाहत होतो तरी काय, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची नात आजोळी आली. ती यंदा सातवीत गेली होती. मामाने तिला सारी हकिकत सांगितली. तिने थोडा विचार केला आणि न्हाणीघरातील प्लॅस्टिकची बादली उचलून आणली. “आजोबा, तुम्ही नुसते आत बसा. गाडी चालवू नका,” ती म्हणाली. नुसते बसावयास आजोबांची हरकत नव्हती. नातीने बादली गाडीच्या पाठीशी ठेवली आणि विचारले, “दिसते?” आजोबा आतून म्हणाले, “नाही.” तिने बादली एक पाऊल मागे नेली. “आता?” “नाही.” असे करता करता तिने अकरा पावले मोजली तेव्हा कोठे आजोबांना आरशात बादलीचा काठ दिसला.

आजोबा खाली उतरले आणि ती अकरा पावले बराच वेळ पाहत राहिले. मामाने काठीने मातीत आकृती काढून दाखविली. चालकाची नजर आरशावर पडते, तेथून परतून मागच्या काचेच्या खालच्या कडेवरून बाहेर पडते, आणि तिरकी उतरत उतरत पुष्कळ लांब जाऊन जमिनीला टेकते. त्या तिरक्या रेघेच्या खाली जे जे असेल ते चालकाला दिसणे शक्यच नाही. मनुष्य उभा असेल तर त्याचे डोके रेघेच्या वर येते. बसलेले मूल संपूर्ण तिच्याखाली राहते. डोळे तरुण असोत की म्हातारे, त्याने काही फरक पडत नाही.

“बसचे तर मागचे काहीच दिसत नसे,” आजोबा हळूहळू म्हणाले, “पण ते मला ठाऊक होते. म्हणून आगारात गाडी मागे घ्यावयाची झाली की वाहक खाली उतरे, मागे उभा राही, शिटी वाजवी, पत्र्यावर थाप मारी. त्याच्या थापेशिवाय मी गाडी हलविली नाही. या लहान गाडीत मला वाटले, सारे दिसते.”

वाहक नाही म्हणून काचेचा आधार घेण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील डोरोथी लेव्हिट या मोटार चालविणाऱ्या बाईंनी 1909 साली स्त्रियांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात, मागचे पाहावयास हातात धरावयाचा आरसा गाडीत ठेवावा, असे सुचविले होते. 1911 साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक कारागीर बसलेला असे व मागून कोण येते ते तो सांगे. रे हॅरून हा गडी मात्र एकटाच होता. त्याने गाडीवर चौकटीत एक आरसा बसविला, आणि शर्यत जिंकली. पुढे 1956 साली ब्युइक कंपनीने प्रदर्शनासाठी एक गाडी तयार केली. तिच्या शेपटाशी चक्क दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता आणि चालकासमोर लहानसा पडदा. ती गाडी विक्रीला कधी आलीच नाही. 1991 साली जपानमध्ये टोयोटाच्या सोअरर या गाडीत असा कॅमेरा मिळू लागला, पण तो श्रीमंतांचा शौक होता.

तो सर्वांच्या गाडीत आला तो एका दुःखामुळे. 2002 साली अमेरिकेत एक दोन वर्षांचा मुलगा घरापुढील वाटेवर स्वतःच्या वडिलांच्याच गाडीमागे सापडून दगावला. वडील सावकाश, पाहून गाडी मागे घेत होते. अशा इतर घरांतील माणसे एकत्र आली. 2008 साली त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, आणि मे 2018 पासून तेथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा आवश्यक ठरला. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागे काही आल्यास वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले आहेत. आजोबांची गाडी त्यापूर्वीची. तिला सेन्सरही नव्हते आणि कॅमेराही नव्हता. पडदा मात्र होता.

मामाचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान आहे. वायरी जोडणे हे त्याचे रोजचेच काम. त्याने सुपारीएवढा एक कॅमेरा विकत आणला आणि रविवारी सकाळी तो व नात कामाला लागली. आजोबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. वर्तमानपत्राचे पान बराच वेळ उलटले नाही.

प्रथम वीज कोठून घ्यावयाची ते ठरविणे आले. कॅमेरा सदासर्वकाळ चालू ठेवण्याचे कारण नाही. गाडी मागे जाते तेव्हाच तो जागा व्हावा. म्हणून गाडीच्या पाठीमागील पांढऱ्या दिव्याची वायर शोधावयाची. हातब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, नुसती किल्ली फिरवून मामाने मागचा गीअर टाकला. नातीने डिकीतील वायरींना एकेक करून टेस्टर लावला. एका वायरीशी टेस्टर पेटला. गीअर काढताच विझला. “हीच!” ती ओरडली. मामाने तिला तीनदा पडताळून पाहावयास लावले. ब्रेकच्या दिव्याची वायर चुकून धरली तर सारे घोटाळ्यात पडले असते. मग त्याने दहा नंबरच्या पान्याने बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडली. उघड्या तारा एकमेकींना लागून ठिणगी उडू नये म्हणून ही काळजी. कॅमेऱ्याची लाल वायर दिव्याच्या धन वायरीला, मध्ये लहानसा फ्यूज घालून. आणि काळी वायर गाडीच्या पत्र्याला. गाडीत सारा पत्रा हीच परतीची वाट असते.

खरे कष्ट पडले ते चित्राची केबल पुढे नेताना. डिकीचे झाकण जेथे उघडते-मिटते तेथे सर्व वायरी एका रबरी नळीतून जातात, आणि त्या नळीत मुंगीला शिरावयास जागा नव्हती. मामाने साबणाचे पाणी लावले, सायकलच्या ब्रेकची जुनी तार आधी आत सारली, तिच्या टोकाला केबल बांधली आणि ओढली. तार आली, केबल आली नाही. पुन्हा बांधली. चौथ्या खेपेस केबलचे तोंड बाहेर आले तेव्हा दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. पुढचा मार्ग सोपा. दारांच्या उंबऱ्यावरील पट्ट्या उचलून, त्यांखालून केबल स्टिरिओच्या पाठीमागे नेली आणि कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या भोकात खोचली.

बॅटरी जोडली, गीअर टाकला. पडदा जसाच्या तसा. त्यावर गाण्याचेच नाव! केबलबरोबर आलेली केसासारखी बारीक तांबडी वायर मामा जोडावयास विसरला होता. मागच्या दिव्यातील वीज या वायरीतून पुढे येते तेव्हाच स्टिरिओला कळते की आता गाणे सोडून चित्र दाखवावयाचे आहे. ती जोडताच पडद्यावर बोळ उभा राहिला: भाजीवालीची पाटी, तुळशीवृंदावनाचा कोपरा, आणि समोर सतारीच्या दुकानावरील फलक. नात आनंदाने उड्या मारू लागली. “आजोबा, या ना! दुकानाचे नावसुद्धा स्पष्ट वाचता येते!”

आजोबा उठले, आत येऊन बसले आणि पडद्याकडे पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “नाव वाचता येते, हेच चुकले,” ते म्हणाले.

दोघांना काही उमगेना. आजोबांनी नातीला गाडीमागे, त्यांच्या डाव्या हाताच्या बाजूला उभे केले. आरशात ती डावीकडे होती. पडद्यावर ती उजवीकडे दिसत होती. “आता मी पडद्यावर भरवसा ठेवला तर तुला वाचवावयाला म्हणून गाडी डावीकडे घेईन. आणि तू तर तेथेच उभी आहेस.” नातीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. आरशात अक्षरे उलटी दिसतात. रुग्णवाहिकेच्या तोंडावर नाव उलटे लिहितात ते पुढच्या चालकाला आरशात सुलटे दिसावे म्हणूनच. मागचा पडदाही आरशासारखाच हवा, डावे ते डावे आणि उजवे ते उजवे दाखविणारा. मग दुकानाचे नाव उलटे दिसले तरी चालेल.

आता मामाने जीभ चावली. कॅमेऱ्यापाशी हिरव्या वायरीचा एक बारीकसा वेढा होता. कोठेही न जाणारा, म्हणून निरुपयोगी समजून त्याने तो सकाळीच कापून टाकला होता. चित्र आरशासारखे ठेवावे की नाही, हे तो वेढाच ठरवीत होता. मामाने निमूटपणे दोन्ही टोके सोलली, पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. पडद्यावरची अक्षरे उलटी झाली आणि नात डावीकडे आली. एवढी परीक्षा सतारीच्या दुकानाने घेतली नसती तर ती चूक कोणाच्या ध्यानात कधी आली असती, कोण जाणे!

मग बादली पुन्हा निघाली. पडद्यावर लाल, पिवळी व हिरवी अशा तीन रेघा होत्या. लाल रेघेवर बादली ठेवून नातीने अंतर मोजले; ते अर्ध्या पावलाहून थोडे कमी भरले. आजोबांनी ते वहीत टिपून घेतले. गाडीच्या पाठीशी चिकटून ठेवलेली बादलीही आता पडद्याच्या खालच्या कडेला दिसत होती. बाजूची चाके मात्र दिसत नव्हती, आणि कॅमेऱ्यावर मातीचे बोट लागले तेव्हा अर्धा बोळ नाहीसा झाला. आजोबांनी खिशातील रुमालाने ती काच पुसली.

संध्याकाळी त्यांनी आजींकडे किल्ली मागितली. आजींनी काही न बोलता ती देवघरातून आणून दिली. शेजारचे मूल आपल्या आईच्या कडेवर बसून पाहत होते. आजोबा गाडीभोवती एकदा पायी फिरले, खाली वाकून चाकांमागे पाहिले आणि मग आत बसले. गीअर टाकला, पडदा उजळला, बोळ मोकळा होता. तरीही गाडी हलेना.

“काय झाले आजोबा?” नातीने बाजूने विचारले.

“वाहक कोठे आहे?” आजोबा म्हणाले.

नात धावत गाडीच्या मागे, एका अंगाला जाऊन उभी राहिली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तिचा परकर दिसू लागला. तिने मागे पाहिले, दोन्हीकडे पाहिले, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.