नासणे आणि मुरणे

दूध नासते आणि लोणचे मुरते. दोहोंत वस्तूचे मूळ रूप उरत नाही. दोन्ही ठिकाणी काम करतो तो काळच. तरी मराठीने एका बदलाला हानी मानले आणि दुसऱ्याला सिद्धी. या दोन क्रियापदांमधील सीमारेषा किती पुसट असू शकते, हे फ्रान्समधील बोर्दो शहराच्या आग्नेयेस, सोतेर्न परिसरातील शातो दिकेम या द्राक्षमळ्यात दिसते.

टेकडीवरील हा मळा सुमारे १०० हेक्टरांचा. जवळच्या सिरों नदीचे थंड पाणी गारोनच्या त्यामानाने उबदार प्रवाहाला मिळते आणि शरदातल्या पहाटे धुके दाटते. त्या दमटपणात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दुपारी ऊन पडले, तर बुरशीने सच्छिद्र केलेल्या सालीतून पाणी उडून जाते. मण्यात साखर, आम्ल आणि गंध घट्ट होऊन राहतात. पाऊस लांबला, तर तीच बुरशी अख्खा घड कुजवते. पहिल्या अवस्थेला फ्रेंच भाषा ‘उमदी कूज’ म्हणते. बुरशी एकच, तिला उमदेपणा येतो तो दुपारच्या उन्हाने.

परंतु निसर्गाच्या कृपेवर सारे सोपवून चालत नाही. एकाच घडात एक मणी सुरकुतलेला असतो, शेजारचा अजून टवटवीत. म्हणून सुमारे दीडशे माणसे त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात. साधारण पाच-सहा फेऱ्या होतात आणि तोडणी कित्येक आठवडे चालते. डोळ्यांना सुंदर दिसणारे फळ मागे ठेवायचे आणि कुरूप तेवढे वेचायचे, अशी ही उलटी रीत. एका वेलीमागे हाती येते जेमतेम पेलाभर वाइन. सेमियों आणि सोविन्यों या दोन जातींचा हा रस इतका गोड असतो, की सगळी साखर संपण्याआधीच यीस्टची शक्ती सरते. राहिलेली गोडी घेऊन ही वाइन ओकच्या नव्या पिंपांत मुरते आणि पुढे बाटलीत अनेक दशके टिकते.

या धीराला इतिहासही आहे. १५९३ मध्ये ही जमीन जाक सोवाज यांच्याकडे आली. त्यांच्या कुळातील फ्रांस्वाज जोझेफीन यांचा विवाह १७८५ मध्ये ल्यूर साल्यूस घराण्यात झाला. तीनच वर्षांत ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. राज्यक्रांतीच्या काळात त्यांना दोनदा तुरुंगवास घडला. तरीही त्यांनी मळा हातचा जाऊ दिला नाही, आणि १८२६ मध्ये तेथे वाइनचे कोठार बांधून घेतले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोतील दलालांनी प्रतवारी लावली, तेव्हा सोतेर्नच्या गोड वाइन्समध्ये सर्वांच्या वर, स्वतंत्र श्रेणीत, हे एकच नाव होते.

मात्र त्या श्रेणीपेक्षाही या मळ्याची ओळख पटते ती त्याच्या नकारांतून. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या वर्षांची वाइन या नावाने बाजारात आलीच नाही. वेली होत्या, माणसे होती, खर्चही झाला होता. उतरलेला रस नावाला साजेसा नव्हता, एवढेच कारण. पदरचे नुकसान सोसून गप्प राहणे हे निर्मितीचेच एक अंग आहे, हे साहित्याच्या क्षेत्रातही सहसा मान्य होत नाही.

१९९६ मध्ये घराण्यातील अनेकांनी आपले हिस्से एका मोठ्या उद्योगसमूहाला विकले. कारभार पाहणारे अलेक्सांद्र द ल्यूर साल्यूस यांनी त्याला विरोध केला. तो वाद १९९९ मध्ये मिटला आणि २००४ मध्ये त्यांनी कारभार सोडला. दोन शतकांहून अधिक काळचा कौटुंबिक धागा तुटला. भांडवलाच्या हाती गेलेली परंपरा आता नासणार, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. पण २०१२ चा हंगाम बिघडला आणि नव्या व्यवस्थेनेही त्या वर्षाची वाइन काढण्यास नकार दिला. रक्ताचे नाते संपले, तरी नकाराची रीत उरली. परंपरा वारसाहक्काने मिळते, हे अर्धेच खरे. दर हंगामात, पदरमोड करून, ती पुन्हा कमवावी लागते.