चुडाव्याची सोप

पूर्णा जंक्शनवर उतरलें तेव्हां पुरतें उजाडलेंही नव्हतें. माघाची थंडी होती. अकोल्याकडचा फांटा येथूनच फुटतो, म्हणून स्टेशन मोठें आणि रात्रंदिवस जागें. पण मला जावयाचें होतें नांदेडच्या वाटेवरील चुडाव्याला, आणि तेथें थांबणाऱ्या पॅसेंजरला अद्याप दीड तास अवकाश होता. हा लोहमार्ग निजामाच्या अमलांत, १९०० सालच्या सुमारास, हैदराबादहून मनमाडपर्यंत घातला गेला. माझ्या लहानपणीं त्यावर मीटरगेजच्या लहान गाड्या धांवत. आजोळीं जातांना इंजिनाच्या कोळशाचा कण हटकून डोळ्यांत जाई. आतां रूळ रुंद झाले, कोळसाही गेला. जलदगाड्यांना मात्र चुडाव्याशीं पूर्वींइतकेंच थोडें कर्तव्य आहे.

चुडावा हें परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील गांव. तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणीं विचारलें तर मला चटकन् उत्तर सुचावयाचें नाहीं. तालुक्यांतच कंठेश्वरापाशीं पूर्णा नदी गोदावरीला मिळते. जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. आणि या दिवसांत ज्वारी, हरभरा, करडई यांनीं शेतें भरलेलीं. प्रवासवर्णनाला एवढें भांडवल थोडेंच. पण मी देखावे पाहावयास गेलेंच नव्हतें. माझ्या मामींना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं, आणि माझ्या मामेभावाच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला होता : "वन्सं, मामंजी जेवत नाहींत हो. पानावर बसतात, चार घांस घेतात, 'छान झालंय' म्हणतात आणि उठतात. डॉक्टरांनीं तपासलं, दोष कांहीं नाहीं म्हणाले. सासूबाईंच्या हातची चव मला साधत नाहीं. त्या भाजींत सोप घालायच्या. मी घातली कीं कडू होतें. तुम्ही एकदा याच."

सोप म्हणजे आपली बडीशेप. आमच्या पुण्याकडील घरांत ती जेवण झाल्यावर तबकांत येते, चिमूटभर हातावर पडते आणि तेथेंच तिचें काम संपतें. गोड्या मसाल्याच्या पंगतींत धने, जिरें, दगडफूल, नागकेशर हीं सन्मानानें बसतात. बडीशेपेला एखाद्या घरानें बोलावलें तर बोलावलें. त्यामुळें पुष्कळ सुशिक्षित गृहिणींना ती धड ओळखूंही येत नाहीं. दुसऱ्याचें कशाला सांगूं? लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं मीं घारग्यांत बडीशेप म्हणून बाळंतशेपा घातल्या होत्या. सासऱ्यांनीं एक घारगा निमूटपणें खाल्ला आणि "घरांत कोणी बाळंतीण आहे काय?" एवढेंच विचारलें. म्हणून येथेंच सांगून ठेवतें. बाळंतशेपा हें शेपूचें बीं. तें चपटें, तपकिरी, कडेला पातळ किनार असलेलें, आणि त्याचा वास उग्र. बडीशेपेचा दाणा लांबट, फुगीर, हिरवट, अंगावर उभ्या रेघा असलेला, आणि चावतांच गोड. जिरें याहून बारीक आणि करड्या रंगाचें. हीं सारीं एकाच छत्रीफुलांच्या कुळांतलीं भावंडें आहेत. ओवा, धने आणि गाजर हींही त्यांतलींच. भावंडांत चेहऱ्यांचा घोटाळा व्हावयाचाच.

मामा ओसरीवर बसले होते. ऐंशी ओलांडली आहे. पाठ ताठ, पण गळ्याचीं हाडें वर आलेलीं. "आलीस? गाडी वेळेवर होती?" एवढें विचारून पुन्हां अंगणाकडे पाहूं लागले. दुपारीं जेवतांना वहिनी म्हणाल्या तसेंच घडलें. चार घांस, "छान झालंय", आणि पाट सरकल्याचा आवाज.

वहिनी शाळेंत शिक्षिका आहेत. सकाळचा स्वयंपाक मामींनीं त्यांना कधीं करूं दिला नाहीं. "तूं तुझी शाळा गांठ" म्हणून त्या स्वतःच चुलीपाशीं बसत. सासूच्या या मायेचें मोल वहिनींना आतां द्यावें लागत होतें. मामींनीं कांहीं लिहून ठेवलेलें नव्हतें. फडताळांत एक जुना डबा होता, त्यांत मूठभर सोप, आणि शेतांत त्यांनीं दरवर्षीं पेरावयास लावलेल्या सोपेच्या चार ओळी. त्या मात्र मामांनीं दोन्ही वर्षें न चुकतां पेरविल्या होत्या. पेरलेल्याचें काय करावयाचें, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें.

दुसरे दिवशीं सकाळीं वहिनींना रजा होती, म्हणून आम्ही दोघी शेतावर गेलों. इकडे सोयाबीन आणि कापूस यांचें राज्य झाल्यापासून घरापुरतें चार ओळी धने, चार ओळी जवस असें पेरणें कमी होत चाललें आहे. तरीही हरभऱ्याच्या कडेला सोप उभी होती, माझ्या छातीला लागेल एवढी. पानें म्हणजे पानें नव्हेतच, हिरवे केंस. त्यांवर पिवळ्या फुलांच्या छत्र्या आणि कांहीं छत्र्यांना धरलेला कोंवळा हिरवा दाणा. एक दाणा तोंडांत टाकला आणि तबकांतली बडीशेप आजवर किती शिळी खात आलें तें कळलें. प्राचीन ग्रीक लोक हिला 'मॅराथॉन' म्हणत, आणि इ. स. पूर्वी ४९० मध्यें अथेन्सच्या सैन्यानें इराण्यांना जेथें हटविलें त्या मैदानाचें नांव या झाडावरूनच पडलें असें मानतात. मदीरा बेटावरील फुंशाल शहराचें नांवही हिचेंच. मराठवाडा आणि मॅराथॉन हें साम्य केवळ कानाला वाटणारें, त्यांत अर्थ शोधूं नये. परंतु त्या बांधावर उभी असतांना मला तें आठवून गंमत वाटली खरी. आपल्याकडे या पिकाचें खरें माहेर गुजराथ आणि राजस्थान. ऊंझ्याची पेठ तिच्यासाठीं प्रसिद्ध आहे.

हरभऱ्यांत एक बाई निंदत होती. गेलीं वीस वर्षें ती या शेतावर आहे. वहिनींनीं सहज विचारावें म्हणून विचारलें, कीं सासूबाई या सोपेचें काय करीत? ती खुरपें टेंकून उठली.

"काकू व्हय? तोडणीला आल्या का इथंच तीन दगडं मांडून आम्हा समद्यांचं कालवण करायच्या. फोडणीत सोप कधीच टाकत नव्हत्या, ताई. जळती म्हणायच्या. भाजी उतरवली का मग ठेचून वरून टाकायच्या अन् झाकण घालायच्या. झाकण काढू द्यायच्या नाहीत कुणाला."

वहिनी माझ्याकडे पाहूं लागल्या. जी गोष्ट सुनेला ठाऊक नव्हती ती घराबाहेरच्या एका बाईनें वीस वर्षें सांभाळली होती, आणि तिला कोणीं विचारलेंच नव्हतें.

यांतलें कारण समजण्यास सोपें आहे. बडीशेपेचा गोड वास ज्या तेलांत असतो त्यांतील मुख्य द्रव्याला अ‍ॅनेथोल म्हणतात; बाद्यानांतही तेंच असतें, म्हणून दोघींचा वास जुळतो. हें तेल उडून जाणारें आहे. जिरें कडकडीत तेलाला भीत नाहीं. बडीशेप तडकत्या तेलांत पडली कीं सुगंध वाफेबरोबर जातो आणि मागें करपलेला कडवटपणा उरतो. फोडणींत घालावयाचीच झाली तर विस्तव अगदीं मंद करून, सर्वांत शेवटीं, आणि लगेच भाजी टाकावी. कुटूनही फार ठेवूं नये. आठवड्यापुरती पुरे, बरणींत महिनाभर राहिलेली पूड म्हणजे नुसता भुसा. विकत घेतांना दाणा नखानें मोडून हुंगावा. पिवळा पडलेला, वासाचा नसलेला दाणा स्वस्त असला तरी महागच. अगदीं डोळ्यांत भरणारा हिरवा रंग दिसला तर ओल्या बोटांनीं चोळून पाहावा. बोटें हिरवीं झालीं तर दुकान बदलावें.

त्या संध्याकाळीं आम्हीं काशीफळाची भाजी केली. चौघांपुरतें अर्धा किलो काशीफळ, मोहरी-हिंगाची साधी फोडणी, दोन सुक्या मिरच्या, सुपारीएवढा गूळ. भाजी शिजून खालीं उतरल्यावर चहाचा एक चमचा ताजी सोप खलबत्त्यांत अर्धवट ठेचून वर टाकली आणि झांकण घालून पांच मिनिटें थांबलों. त्या पांच मिनिटांत वहिनींनीं दोनदां झांकणाकडे हात नेला आणि दोनदां मागें घेतला. ज्वारीच्या धपाट्यांच्या पिठांत कोंवळा पाला चिरून घातला. कोथिंबिरीसारखा मूठभर घालूं नये. दोन चिमटी पुरे, नाहींतर पदार्थाला अत्तराचा वास येतो.

पानें मांडलीं. मामांनीं धपाट्याचा तुकडा भाजीला लावला, तोंडांत घातला आणि थांबले. मग आणखी एक घांस घेतला. आम्ही दोघी श्वास रोखून बसलों होतों.

"मीठ कमी पडलंय," मामा म्हणाले.

वहिनींच्या डोळ्यांत एकदम पाणी आलें. दोन वर्षांत त्यांनीं पहिल्यांदाच स्वयंपाकाला नांव ठेवलें होतें. मीठ वाढलें, मामांनीं भाजी पुन्हां मागून घेतली.

पुढले दोन दिवस आम्हीं उत्साहानें पुष्कळ प्रयोग केले. सगळेच साधले असें नाहीं. वरणांत सोप मला मुळींच आवडली नाहीं; तूर आणि सोप यांचें पटत नाहीं हें माझें मत आहे. भरल्या कारल्यांत मात्र धन्यांबरोबर तिची भरड, चिंच आणि गूळ यांनीं फार चांगला रंग आणला. काशीफळाच्या घारग्यांत अख्खे दाणे घातले. यावेळीं खरी बडीशेप. कैरीच्या लोणच्यांत मेथीबरोबर तिची भरड घालण्याची उत्तरेकडील तऱ्हा उन्हाळ्यांत करून पाहावयाची ठरली. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांनीं तर तिच्याशीं मुद्दाम मैत्री करावी. काश्मिरी पंडितांची पाकक्रिया कांद्या-लसणावांचूनच, बडीशेपेची आणि सुंठीची पूड यांवर उभी आहे. त्यांचें मांसान्नही तसेंच शिजतें, हें ऐकून वहिनींना मोठें नवल वाटलें. उन्हाळ्यासाठीं रात्रभर भिजवलेली सोप वाटून, गाळून, खडीसाखर घालून सरबत करतात, तें मोठ्या माणसांना उत्तम. तान्ह्या बाळाला मात्र बडीशेपेचें पाणी घरच्या अकलेनें देऊं नये, डॉक्टरांना विचारावें.

निघण्याच्या दिवशीं मामा स्वतः शेतावर आले. तोडणी एका दिवसांत होत नाहीं, कारण सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहींत. तयार होईल तशी हातानें खुडावी लागते. मुखशुद्धीसाठीं हवी ती कोंवळी असतांना तोडून सावलींत वाळवावयाची. वहिनी मधली मोठी छत्री खुडूं लागल्या तसे मामा ओरडले, "ती नको! ती बियाणाची. सगळ्यांत आधीं फुलते, तिचा दाणा ठसठशीत. ती झाडावरच पिकूं द्या. तुमच्या सासूबाई तिला दोरा बांधायच्या." मग त्यांनीं धोतराच्या कनवटीची एक पुरचुंडी सोडून माझ्या हातांत दिली. गतवर्षींचें बीं. "कार्तिकांत पेर. मूळ लांब जातं हिचं, कुंडी खोल घे."

पॅसेंजर चाळीस मिनिटें उशिरा आली. तोंवर मामा फलाटावर उभेच होते, आणि वहिनींना विचारीत होते, कीं रात्रीं कारलीं आहेत ना?