प्रादाच्या आठवड्यातली सपाट रेघ

“साहेब, आकडा बघा की. एवढ्या खोलात कशाला शिरताय?” वेबसाइट विकणाऱ्याचं हे वाक्य मला अजून झोंबतं. चार लाख रुपये मागायचे आणि वर खोलात शिरू नका म्हणायचं!

आमचं चपलांचं दुकान वडिलांच्या वेळेपासून कोल्हापुरात आहे. ऑनलाइन विक्रीसाठी नवी साइट उभारण्यापेक्षा चालती साइट घ्यावी, असं घरात ठरलं. ओळखीतून पुण्याच्या एका गृहस्थांशी गाठ पडली. त्यांची साइट फक्त कोल्हापुरी चपलांवरची. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी हे प्रकार, कातडं कमावण्याची रीत, सगळं जीव लावून लिहिलेलं. महिन्याला साठ हजार लोक येतात, तेही बहुतेक गूगलवर शोधून, असा त्यांचा दावा होता.

स्क्रीनशॉट पाठवले, पण स्क्रीनशॉटवरचा आकडा कुणीही बदलू शकतो. साइटवर कोण, कुठून, किती येतं याची नोंद ठेवणारं गूगल ॲनालिटिक्स नुसतं बघायची परवानगी माझ्या ईमेलला द्या म्हटलं. कुरकुरत दिली. मी वर्षभराचा आलेख उघडला आणि जून २०२५ वर थांबलो.

२२ जूनला मिलानमध्ये प्रादा या फॅशन कंपनीच्या शोत मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि देशभर गदारोळ उठला. २०१९ साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता आमच्या दुकानात येऊन ‘तीच का ही चप्पल?’ विचारत होते. कंपनीला भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य करावी लागली. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. जग कोल्हापुरी चप्पल शोधत असताना निव्वळ कोल्हापुरी चपलेवरच्या या साइटची रेघ मात्र पट्टीने आखल्यासारखी सपाट! रोज दोन हजारांच्या आसपास. रविवार असो, दिवाळी असो, प्रादा असो, तिला फरक पडत नव्हता. माणसं अशी येत नाहीत. माणसं झुंडीने येतात, कंटाळतात, सणाला गायब होतात.

मग शहरं पाहिली. मुंबई-पुण्याच्या वर अमेरिकेतलं ॲशबर्न. गृहस्थ म्हणाले, “तिकडे आपली माणसं पुष्कळ आहेत.” आहेत, खरं आहे. पण व्हर्जिनियातल्या त्या गावात प्रचंड डेटा सेंटरही आहेत, आणि बॉट, म्हणजे आपोआप साइट उघडणारे प्रोग्रॅम, अशाच ठिकाणांहून चालतात. आपली माणसं संध्याकाळी, सुट्टीला साइट उघडतील. इथे चोवीस तास, दर तासाला तेवढीच वर्दळ आणि जवळपास प्रत्येक भेट एका पानावर काही सेकंदांत संपलेली.

शेवटी गूगलच्याच सर्च कन्सोलची परवानगी मागितली. त्यावर आठवडाभर टाळाटाळ. कारण उघड होतं. आपण गूगलवरून आलो अशी थाप बॉटला मारता येते आणि ॲनालिटिक्स ती खरी धरतं. सर्च कन्सोलमध्ये मात्र गूगल स्वतःच्या शोधपानावरचे क्लिक मोजतं, सोळा महिन्यांचे दाखवतं. तिथे दिवसाला तीस-चाळीस क्लिक होते. आणि जूनअखेरीस तीच रेघ दीडशेपर्यंत उसळली होती. खरी माणसं आली होती. दोन हजार खोट्यांच्या गर्दीत ती दिसतच नव्हती.

मी फोनवर चढ्या आवाजात बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मीही अशीच घेतलीय हो. मी कुणाला जाब विचारू?” तेव्हा माझा राग ओसरला. पण फसलेल्या माणसाने तोच माल पुढच्याच्या गळ्यात मारावा, हे मला आजही पटत नाही. असली वर्दळ हजारांच्या भावाने विकत मिळते. ती जाहिरातींवर आदळली तर गूगलचं ॲडसेन्स, म्हणजे जाहिरातींच्या कमाईचं खातं, बंद होऊ शकतं, आणि भुर्दंड नव्या मालकाला पडतो.

नंतर ते एक लाखावर उतरले. मी नाही म्हटलं. आता मात्र वाटतं, घ्यायला हवी होती. लेख अस्सल होते, ते तीस-चाळीस वाचक अस्सल होते, आणि आमच्या दुकानाला तेवढे पुरले असते.

कुणी साइट विकत घेणार असाल तर ॲनालिटिक्सबरोबर सर्च कन्सोलचीही परवानगी आधी मागा आणि दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून बघा. मालक परवानगी द्यायला तयार नसेल तर इसाराचा एक रुपयाही देऊ नका.