ड्राफ्टची मुदत

अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला 'ड्राफ्ट' म्हटलं की डोळ्यांपुढे एकच वस्तू येते. गुलाबी-हिरवट कागद, त्यावर दोन सह्या, आणि काउंटरपलीकडे "साहेब, आजच पाहिजे हो" म्हणून ताटकळलेला इसम. त्यामुळे २०२४च्या सप्टेंबरात शार्लटला सुहासकडे गेलो असताना, एका रविवारी आमचा अकरा वर्षांचा नातू रोहन टीव्हीसमोर डोकं धरून म्हणाला, "आजोबा, आमचा ड्राफ्ट वाया गेला," तेव्हा मी चष्मा लावून हात पुढे केला आणि म्हटलं, "आण इकडे. कुठल्या शाखेवरचा आहे?"

रोहनने माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे बोट दाखवलं. तिथे एका लहानखुऱ्या पोराच्या अंगावर चार धिप्पाड गडी बसलेले होते.

"हाच तो," रोहन म्हणाला. "ब्राइस यंग."

अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावून सांगणार नाही, कारण मलाच ते समजायला दिवाळी उजाडली. नाव फुटबॉल, पण पायाचा उपयोग मुख्यतः पळून जायला. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, मोठ्या हापूससारखा. एक गडी, त्याला म्हणायचं क्वार्टरबॅक, तो आंबा हातात घेऊन उभा राहतो आणि दोन-तीन सेकंदांत ठरवतो की हा आता कोणाकडे फेकावा. तेवढ्या वेळात समोरचे, प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोचे, त्याच्या अंगावर येतात. पेन्शनच्या दिवशी एक तारखेला मी कॅशच्या काउंटरवर बसलेलो आहे. त्या पोराची अवस्था मला इतर कशापेक्षाही आधी कळली.

ड्राफ्टचा प्रकार मात्र ऐकण्यासारखा आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये बत्तीस व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात. पहिली पाळी कोणाची? गेल्या वर्षी जो सगळ्यांत जास्त हरला त्याची. आमच्या शाळेत ढ मुलाला शेवटच्या बाकावर बसवत. इथे ढ संघाचं पान पंगतीत पहिलं मांडतात. निवडीआधी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम होतो. पोरांना चाळीस यार्ड पळवतात, वजन घेतात, उंची घेतात, हाताचा पंजासुद्धा टेपने मोजतात. आमच्या वैशालीला पाहायला आलेल्या एका घराण्याने तिला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं होतं, म्हणून मी आजतागायत त्यांना नावं ठेवत होतो. पण त्यांनी पंजा मोजला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

तर हा ब्राइस यंग. अलाबामा विद्यापीठाचा हिरा. २०२१ साली त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली होती, म्हणजे अख्ख्या देशातल्या कॉलेजांत पहिला नंबर. उंची पाच फूट दहा इंच. आमच्या सदाशिव पेठेत तो पंखे पुसायला बोलावला गेला असता, पण त्या मैदानावर बुटका. शार्लटच्या पँथर्स संघाला तो हवा होता, आणि २०२३मध्ये पँथर्सचा नंबर होता नववा. मग त्यांनी शिकागोकडून पहिला नंबर विकत घेतला. मोबदला ऐका: आपला नववा नंबर, त्याच वर्षीचा एकसष्टावा नंबर, २०२४चा पहिल्या फेरीतला हक्क, २०२५चा दुसऱ्या फेरीतला हक्क, आणि वर डी. जे. मूर नावाचा एक तयार, कमावता खेळाडू. एका जावयासाठी दोन शेतं, पुढच्या दोन वर्षांची पिकं आणि घरचा बैल देऊन टाकण्यातला प्रकार. शिवाय पोराशी चार वर्षांचा करार, सुमारे तीन कोटी ऐंशी लाख डॉलरचा.

आता यातली मेख बँकवाल्यालाच कळेल. चेक परत जातो, कारण खात्यात पैसे नसतात. ड्राफ्टचे पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून तर ड्राफ्टवर माणसाचा एवढा विश्वास.

हा ड्राफ्ट वटेना. २०२३च्या मोसमात पँथर्स सतरा सामने खेळले आणि पंधरा हरले. यंगला चेंडू हातात असतानाच बासष्ट वेळा आडवं पाडलं. नोव्हेंबरात मुख्य प्रशिक्षकाला काढलं. सगळ्यांत जास्त हरल्यामुळे पुढच्या वर्षीचा पहिला नंबर खरं तर त्यांचाच यायचा, पण तो शिकागोला देऊन बसलेले! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, ड्राफ्टमध्ये याच्या पाठोपाठ दुसरा निवडला गेलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनकडून असा काही खेळला की त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. हा स्ट्राउड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो. त्याची आई पेढे घेऊन येते.

२०२४ला नवे प्रशिक्षक आले, डेव्ह कॅनालेस. पहिला सामना ४७-१० असा हरले, दुसरा २६-३. त्या दुसऱ्या सामन्यालाच रोहनने डोकं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सोळा तारखेला, बातमी आली की यंगला बाकावर बसवलं आहे. त्याच्या जागी छत्तीस वर्षांचा अँडी डाल्टन. मंगळवारी अनंतचतुर्दशी. परसात बादलीभर पाण्यात गणपती विसर्जन करताना सुहास म्हणाला, "बाबा, या पोराचं करिअरही यातच सोडा." त्याच्या पुढच्या रविवारी डाल्टनने सामना जिंकून दिला. झालं! गावभर एकच एकमत. प्रत्येक घरात कोचावर बसलेला एक कोच असतो आणि मैदानावरच्या कोचापेक्षा त्याला जास्त कळतं, हे मला तिथे समजलं.

त्याच आठवड्यात आम्ही देशी दुकानात कोथिंबीर आणायला गेलो. तिथे डोंबिवलीचे एक गृहस्थ भेटले, आपल्यासारखेच मुलाकडे आलेले. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाले, "त्या यंगचं काही खरं नाही हो. सगळा पैसा पाण्यात गेला."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी उसळलो. "अहो, पैसा पाण्यात काय? तेवीस वर्षांचा पोरगा आहे! दोन वर्षांत त्याच्यावर तीन मास्तर बदलले. त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवायचं, ते कोणाचं काम? पहिल्या वर्षी बासष्टदा पाडलं त्याला, तुम्हाला एकदा पाडू का?"

गृहस्थांनी मेथी ठेवून दिली आणि पालकाकडे सरकले.

गाडीत सगळे गप्प. घरी आल्यावर सौ. कोथिंबीर निवडायला बसली. मान वर न करता म्हणाली, "त्या तेवीस वर्षांच्या परक्या पोराची एवढी कड घेतलीत. आपला वीस वर्षांचा आहे."

आपला म्हणजे ओंकार. वैशालीचा मुलगा, कोथरूडचा. बारावीला असा चमकला होता की मी स्वतः सोसायटीत पेढे वाटले होते, चितळ्यांचे, म्हणजे खर्चाची कल्पना येईल. चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी वायडी लागली. ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचं कोणी नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो, वायडी म्हणजे पुढच्या वर्गात प्रवेश नाही, वर्ष बुडालं. अमेरिकेला निघण्यापूर्वी मी त्याच्या घरी गेलो होतो. चार पाहुणे बसलेले होते. आणि मी त्यांच्यासमोर ओंकारला म्हणालो होतो, "तुझ्यावर घातलेला सगळा पैसा पाण्यात गेला."

तेच वाक्य. मेथीची जुडी तेवढी माझ्या हातात नव्हती.

ओंकार काही बोलला नव्हता. उठून आतल्या खोलीत गेला होता. विमानतळावर सोडायलाही आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

त्या रात्री झोप आली नाही. जेट लॅगवर ढकलावं तर येऊन महिना होत आलेला. मग स्वतःची फाइल उघडली. १९६९ साली मॅट्रिकला मी आमच्या गावच्या शाळेत पहिला. ग्रामपंचायतीने नारळ आणि टॉवेल दिला, आणि पुण्याला शिकायला पाठवलं. सायन्सला पहिल्याच वर्षी नापास झालो. टॉवेल त्या मानाने बराच टिकला. पुढे बँकेच्या परीक्षेला बसलो तर निवड झाली नाही. वेटिंग लिस्टवर दुसरा. पहिल्याला बोलावणं आलं, मला नाही. मग एके दिवशी निवड झालेल्यांपैकी एक रेल्वेत गेला, आणि बँकेचं पत्र माझ्या हातात पडलं. त्या सद्गृहस्थाला रेल्वे आवडली नसती तर मी आज कुठे असतो, या प्रश्नाचं उत्तर मी अडतीस वर्षं कोणालाच दिलेलं नाही. रिटायरमेंटच्या भाषणात मी 'जिद्द आणि परिश्रम' असं म्हणालो होतो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ओंकारला फोन लावला. "अभ्यास कसा चाललाय?" हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, "अरे, इथे एक पोरगा आहे, ब्राइस यंग."

बराच वेळ पलीकडे काही नाही. मग, "आजोबा, तुम्ही एनएफएल बघता?"

"बघतो. कळत नाही."

तो हसला. जूननंतर पहिल्यांदा. आणि मग दर सोमवारी फोन व्हायला लागला. तो तिकडे सगळं वाचून काढायचा आणि माझ्या चुका दुरुस्त करायचा. एकदा म्हणाला, "आजोबा, बाकावर बसल्यावर तो दिवसभर करतो काय?" मी रोहनला विचारलं. रोहन म्हणाला, "प्रॅक्टिसला जातो. मॅचला टोपी घालून कडेला उभा राहतो." मी जसंच्या तसं कळवलं. ओंकार म्हणाला, "हं." त्या 'हं'मध्ये काय होतं ते मी विचारलं नाही.

इकडे डाल्टनची जादू उतरली होती. लागोपाठ चार हरले. तरी यंगला कोणी उठवेना. आणि बावीस ऑक्टोबरला डाल्टनच्या मोटारीला अपघात झाला. गाडीत बायको, मुलं, कुत्रा. देवाच्या दयेने कोणाला मोठी इजा नाही, फक्त डाल्टनच्या फेकायच्या हाताचा अंगठा मुरगळला.

माझा रेल्वेत गेलेला सद्गृहस्थ तो हाच!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी यंग पुन्हा मैदानात उतरला. लगेच चमत्कार झाला असं नाही. ती मॅच २८-१४ ने हरले. पण पुढचा सामना भाऊबीजेला, ज्यांनी पहिल्या सामन्यात ४७ गुण ठोकले होते त्याच न्यू ऑर्लिन्सशी, आणि तो २३-२२ असा जिंकले. त्यानंतर डाल्टनचा अंगठा बरा झाला तरी जागा यंगकडेच राहिली. मोसमाचा शेवटचा सामना पाच जानेवारीला, अटलांटात जाऊन ४४-३८. पाच टचडाउन एकट्या यंगचे, तीन फेकून आणि दोन स्वतः धावून. एकूण हिशेब सतरातले पाच विजय, म्हणजे आपल्याकडे चक्क नापास. पण सुहासने त्या दिवशी शिरा करायला लावला. विसर्जनाच्या बादलीची मी त्याला आठवण करून दिली नाही. माझ्याही तोंडाला जूनची चव होतीच.

बँकेत मुदत उलटलेला ड्राफ्ट घेऊन लोक यायचे. चेहरा असा, की घरात कोणी गेलं आहे. आम्ही सांगायचो, "अहो, रडता काय? पैसे कुठे जात नाहीत. अर्ज करा, मुदत वाढवून मिळेल." माझ्या हाताने मी असे शेकड्यांनी ड्राफ्ट सह्या करून परत दिले असतील. नातवाच्या वेळी तेवढा फॉर्म सापडला नाही.

आम्ही संक्रांतीच्या आत परतलो. ओंकार विमानतळावर घ्यायला आला होता, गाडी घेऊन. मी त्याला पँथर्सची टोपी दिली. दोघांनीही जूनचा विषय काढला नाही. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. टोपी द्यायची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने राहिलेले विषय काढले, तिसऱ्या वर्षात गेला. फक्त एक विषय मागे चिकटून होता.

तिकडे २०२५च्या मोसमात यंगचं चाललं होतं ते असं की एक दिवस सोनं, एक दिवस माती. नोव्हेंबरात अटलांटाविरुद्ध ४४८ यार्डांची फेक केली, पँथर्सच्या इतिहासात एका सामन्यात एवढी कोणी केली नव्हती. पण मोसमाचा हिशेब आठ जिंकले, नऊ हरले. त्यांच्या गटात आणखी दोघांचे तेच गुण, म्हणून नियमांचं बोट धरून पँथर्स गटात पहिले! नापासांत पहिला नंबर ही गोष्ट मला वाटायचं फक्त आमच्या शाळेतच होती.

बाद फेरीचा सामना लॉस एंजेलिसच्या रॅम्सशी, शार्लटलाच. आपल्याकडे ११ जानेवारी २०२६, पहाटेचे तीन. ओंकार रात्रीच आमच्याकडे झोपायला आला. दोघं शाल पांघरून बसलो. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली तेव्हा यंगच्या एका फेकीने ३१-२७ अशी आघाडी घेतली आणि मी सोफ्यावरून उठलो, जे मला डॉक्टरांनी एकदम करू नका म्हणून सांगितलेलं आहे. मग एक मिनिटसुद्धा उरलं नसताना रॅम्सनी टचडाउन केलं. ३४-३१. संपलं.

ओंकारने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आजोबा, खरं सांगा. याला पुढे काही भवितव्य आहे का हो?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात सौ. डोळे चोळत बाहेर आली. "हरले का?"

"हरले."

"कितीने?"

"तीन गुणांनी."

"तीनच?" ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. "तेवढे तर ग्रेसचे सुद्धा देतात."